माया सोडून शिवलेला टूटू

आईने नेटचा चार बोटांएवढा तुकडा कापला, चिमट्यात धरला आणि सिंकवर नेऊन त्याला काडी लावली. नेट भडकलं नाही, आधी आकसलं. मग कडेकडेने वितळत गेलं आणि काळी गोळी होऊन सिंकमध्ये पडलं.

"नायलॉन आहे," आई म्हणाली. "दुकानदार कॉटन मिक्स म्हणून गळ्यात मारत होता."

माझी आठ वर्षांची भाची दारात उभी राहून बघत होती. घरात तिला सगळे चिऊ म्हणतात. "आजी, तू माझा टूटू जाळलास!"

"टूटू अजून शिवायचाय, बाई. हा नुसता तुकडा."

आई गेली पस्तीस वर्षं डोंबिवलीत शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको आणि गॅदरिंगच्या दिवसांत परकर-पोलकी. अनोळखी कापड आलं की ती आधी जाळून बघते. सुती कापड कागदासारखं जळतं आणि त्याची राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. नायलॉन वितळतं आणि अंगाला चिकटतं. 'चिकटतं' हा शब्द ती जरा जोर देऊन म्हणते. ती लहान असताना त्यांच्या चाळीतल्या एक काकू स्टोव्हपाशी नायलॉनच्या साडीत भाजल्या होत्या.

चिऊ दोन वर्षं ठाण्यातल्या एका क्लासला बॅले शिकते. वर्षअखेरच्या कार्यक्रमासाठी क्लासने यादी पाठवली होती : पांढरा टूटू, गुलाबी बूट, 'स्किन कलर'चे टाइट्स. तयार टूटूची किंमत ऐकून माझ्या बहिणीने आईला फोन केला. आईने आयुष्यात टूटू पाहिला नव्हता. तो बनतो कसा, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरून काम करते आणि घरच्यांच्या मते घरून काम म्हणजे रिकामपण.

आधी मी फक्त मापं काढायला व्हिडिओ बघत होते. मग अडकत गेले.

टूटू म्हणजे फ्रॉक नव्हे. आत एक चड्डी असते आणि तिच्यावर एकाखाली एक शिवलेले जाळीचे दहा-बारा थर. सगळ्यांत वरचा थर सगळ्यांत रुंद, खालचे आखूड होत जातात आणि वरच्याला टेकू देतात. मधल्या एका थरात तारेची रिंग. शेवटी सगळे थर सैल टाक्यांनी एकमेकांत अडकवायचे, नाहीतर प्रत्येक थर आपापल्या दिशेला उडतो. मोठ्या कंपन्यांमध्ये हे टूटू धूत नाहीत. वास जावा म्हणून व्होडका फवारतात आणि जाळी खाली लोंबू नये म्हणून उलटे टांगून ठेवतात.

व्होडकाचं आईने मनावर घेतलं नाही. बाकी सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे लेहंग्याचं कॅनकॅनच की. फक्त आडवं पसरलेलं."

लेहंगा फुगावा म्हणून आतून लावतात त्या कडक जाळीला आपल्याकडचे सगळे टेलर कॅनकॅन म्हणतात. कॅनकॅन हे मुळात पॅरिसमधल्या एका नाचाचं नाव, पाय उंच उडवत घागऱ्याच्या झालरी दाखवायचा नाच. तो शब्द उल्हासनगरच्या कापडबाजारापर्यंत कसा आला असेल कोण जाणे. पण आला आणि आईचं काम सोपं झालं.

*

बॅले म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या कपड्यातली सडपातळ मुलगी येते. पण सुरुवातीला हा पुरुषांचा, त्यातही राजाचा खेळ होता. 1653 मध्ये चौदा वर्षांचा चौदावा लुई सूर्यदेव अपोलो बनून नाचला तेव्हा त्याच्या अंगावर सोनेरी किरणांचा पोशाख होता. नाचायला सोपं जावं म्हणून तो शिवलेला नव्हता. दरबारात कोण सूर्य आहे आणि कोणी त्याच्याभोवती फिरायचं, हे सगळ्यांना दिसावं म्हणून होता. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी पहिल्यांदा आल्या त्या 1681 मध्ये. तोवर तिथे बायकांच्या भूमिका पुरुष करायचे. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

बायका आल्या त्या जड घागरे, घट्ट चोळ्या आणि टाचांचे बूट घालून. अठराव्या शतकात मारी कामार्गोने घागरा घोट्याच्या वर नेला, कारण तिच्या पायांचं काम लोकांना दिसत नव्हतं. तिच्याच काळातल्या मारी साल्येने 1734 मध्ये लंडनला घागऱ्याचा सांगाडा आणि टोप फेकून देऊन, केस मोकळे सोडून, साध्या मलमलीच्या झग्यात नाच केला. दोघींवर टीका झाली. दोघींना फक्त नीट नाचायचं होतं.

पुरुषांचीही सुटका झाली नाही. 1911 मध्ये निजिन्स्कीने सेंट पीटर्सबर्गला 'जिझेल'मध्ये टाइट्सवर घालायची ठरलेली फुगीर चड्डी घातली नाही, म्हणून त्याला शाही थिएटरमधून काढून टाकलं. ही गोष्ट मी चिऊला सांगितली तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती.

आज आपण ज्याला बॅलेचा पोशाख म्हणतो त्याची सुरुवात 12 मार्च 1832 ला झाली. पॅरिसमध्ये 'ला सिल्फिद' नावाचा बॅले झाला. मारी तालियोनी त्यात परी होती. पाठीला छोटे पंख, घंटेच्या आकाराचा पातळ पांढरा घागरा आणि पायांच्या बोटांच्या टोकांवर चालणं. रंगमंचावर गॅसचे दिवे होते आणि त्या उजेडात पांढरी जाळी धुक्यासारखी दिसायची. बाई जमिनीला टेकलेलीच नाही, असं लोकांना वाटलं. पुढची दोनशे वर्षं बॅलेतल्या बायकांना हेच काम लागलं : वजन नसल्यासारखं दिसायचं.

पण जाळी सुती, विरळ आणि कोरडी. थरांमध्ये भरपूर हवा. आणि दोन्ही बाजूंना उघड्या ज्योती. आईला हे सांगितलं तेव्हा तिने मशीन थांबवलं.

*

एमा लिव्री ही तालियोनीची शिष्या. सोळाव्या वर्षी पॅरिसच्या ऑपेरात तिने पदार्पण केलं तेही 'ला सिल्फिद'मध्येच. तिचा नाच पाहून तालियोनी निवृत्तीतून परत आली. तिने एमाला शिकवलं आणि 1860 मध्ये तिच्यासाठी एक बॅले बसवला : 'ल पापियों', म्हणजे फुलपाखरू. त्यात फुलपाखरू झालेल्या मुलीचे पंख मशालीने जळतात.

दोन वर्षांनी, 15 नोव्हेंबर 1862 ला, एका ऑपेराची तालीम चालू होती. एमाची भूमिका मुक्या मुलीची होती. विंगेत वाट बघताना तिने घागऱ्याचे थर सारखे केले आणि कड गॅसच्या ज्योतीला लागली. ती पेटलेल्या कपड्यांत रंगमंचावर धावली. एका अग्निशामक जवानाने तिला घोंगडीत गुंडाळलं. त्यानंतर ती आठ महिने जगली. गेली तेव्हा वीस वर्षांची होती. त्या पोशाखाचे उरलेले जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहेत.

पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. आग न लागणारं कापड तेव्हा उपलब्ध होतं. क्षारांच्या द्रावणात बुडवून वाळवायचं, एवढंच. एमाच्या अपघाताच्या तीन वर्षं आधी, 1859 मध्ये, फ्रान्समध्ये सरकारी हुकूमही निघाला होता. पण त्या द्रावणाने कापड कडक व्हायचं आणि मळकट दिसायचं. एमाने ते घालायला नकार दिला होता. लेखी.

मला तिचा राग आला. एवढी कसली हौस? आई म्हणाली, "हौस कसली? तिला परी म्हणूनच घेतली होती ना? मळकट घागऱ्यातली परी कोणी ठेवली असती?"

मला हे सुचलं नव्हतं. आई इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवते आहे. "श्वास घेता येत नाही, पण फिटिंग असंच राहू दे" असं सांगणाऱ्या बायका तिने खूप पाहिल्या आहेत.

*

मग टाइट्स आले. ऑनलाइन मागवले होते. पाकिटावर लिहिलं होतं, 'स्किन'. चिऊने ते हातावर धरून पाहिले. चिऊ आमच्या घराण्याच्या रंगावर गेली आहे, म्हणजे माझ्या आणि आईच्या. टाइट्स फिकट गुलाबी, पीचकडे झुकणारे.

"मावशी, ही कोणाची स्किन आहे?"

प्रश्नात दुःख वगैरे काही नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती.

मी उत्तर शोधायला लागले आणि आधी 1838 मध्ये पोचले. त्या वर्षी पुदुच्चेरीकडच्या एका देवळातल्या नर्तिका आणि वादक पॅरिसला गेले होते. युरोपातल्या रंगमंचावर भारतीय देवदासींच्या गोष्टी त्याआधीपासून चालायच्या. आता खऱ्या नर्तिका समोर उभ्या होत्या. त्यांच्यातल्या अम्मानीवर लेखक तेओफील गोतिएने भरभरून लिहिलं, एका शिल्पकाराने तिचा ब्राँझचा पुतळा केला. नंतर त्या गेल्या आणि गोष्टी पुन्हा पूर्वीसारख्याच सुरू झाल्या. 1877 मध्ये सेंट पीटर्सबर्गला 'ला बायादेर' आला. त्याची नायिका निकिया ही भारतातल्या देवळातली नर्तकी. त्यातला सगळ्यांत गाजलेला प्रवेश म्हणजे उतारावरून एकामागून एक उतरणाऱ्या छाया. सगळ्यांचे टूटू पांढरे. गोष्ट आपल्याकडची, आपण मात्र त्यात कुठेच नाही. 2019 मध्ये मिस्टी कोपलंड या आफ्रिकन-अमेरिकन बॅलेरिनाने याच बॅलेसाठी चेहरा काळा रंगवलेल्या दोन रशियन मुलींचा फोटो टाकला, तेव्हा तिलाच लोकांनी ट्रोल केलं. म्हणजे काळा रंग रंगमंचावर चालतो, पण रंगवलेला.

गुलाबी टाइट्स आणि गुलाबी बुटांमागे एक हिशोब आहे. पाय आणि बूट एकाच रंगाचे असले की कंबरेपासून अंगठ्यापर्यंत एक सलग रेघ दिसते. पण हा हिशोब गोऱ्या पायांवर मांडलेला. सावळ्या मुलीच्या अंगावर ती रेघ कंबरेशी तुटते. वरचं अंग एका माणसाचं, पाय दुसऱ्याचे. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने 1970 च्या दशकातच यावर उपाय केला होता : प्रत्येकाने आपापल्या कातडीच्या रंगाचे टाइट्स आणि बूट घालायचे. तो रंग दुकानात मिळत नव्हता. सावळ्या नर्तकी सॅटिनच्या बुटांना मेकअपचं फाउंडेशन फासायच्या, आणि व्यावसायिक नर्तकीचा बूट कधीकधी एका प्रयोगात संपतो. लंडनच्या 'बॅले ब्लॅक' कंपनीसोबत 'फ्रीड' या जुन्या कंपनीने तपकिरी पॉइंट शूज बाजारात आणले ते 2018 मध्ये. तालियोनीनंतर 186 वर्षांनी.

बहिणीने क्लासच्या बाईंना मेसेज केला : चिऊने तिच्या रंगाचे टाइट्स घातले तर चालेल का? उत्तर नम्र होतं. ग्रुप डान्समध्ये सगळ्या मुली एकसारख्या दिसायला हव्यात, यंदाचं ठरलं आहे, पुढच्या वर्षी बघू.

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. वीस मुली एका श्वासात हात उचलतात ते बघायलाच लोक येतात. पण एकसारखं नाचणं आणि एकसारखं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सहावीतच कळायला हवं होतं.

*

सहावीत आमच्या शाळेच्या गॅदरिंगला कोळी नृत्य होतं. मला सगळ्या स्टेप्स येत होत्या, इतक्या की मी इतरांना शिकवत होते. रंगीत तालमीच्या दिवशी बाईंनी रांगा बदलल्या. उजळ मुली पुढे. मी शेवटच्या रांगेत, उंच मुलींच्या मागे. कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांना पावडर लावली आणि मला जास्त. घामाने ती उतरली आणि मानेवर ओघळ आले. फोटोत माझा अर्धा चेहरा दिसतो, तो राखाडी आहे.

त्या नाचाची तीसही लुगडी आईने शिवली होती. ती विंगेत सुई-दोरा घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

यावर आम्ही कधीच बोललो नव्हतो. टाइट्सच्या पाकिटाच्या निमित्ताने मी ते बोलून गेले. आई बराच वेळ नेटच्या चुण्या घालत राहिली. मग म्हणाली, "तीस साड्यांची ऑर्डर होती. पुढच्या वर्षीचीही हवी होती." थोड्या वेळाने म्हणाली, "दिसलं होतं मला."

त्या रात्री तिने चहा ठेवला. मोठ्या पातेल्यात, दूध-साखरेशिवाय, चांगला अर्धा तास उकळलेला. गाळून त्यात टाइट्सचा जादा जोड बुडवला. दर दहा मिनिटांनी काठीने उचलायची, चिऊच्या झोपलेल्या पायाशी धरून बघायची, परत बुडवायची. नायलॉन चहाचा रंग पकडतं, हे आईला माहीत होतं. तिचे प्लास्टिकचे गाळणे उगाच तपकिरी नाहीत. तिसऱ्या वेळी रंग जुळला.

*

या महिनाभरात मी बॅलेच्या भविष्याबद्दलही बरंच बघितलं. भविष्याची स्वप्नं जुनीच आहेत. 1922 मध्ये श्टुटगार्टला ऑस्कर श्लेमरने 'ट्रायाडिक बॅले' केला. तिघंच नाचणारे, अठरा पोशाख : तारेच्या वर्तुळांचा घागरा, गोळे, चकत्या, मुखवटे. पोशाख शरीराप्रमाणे बेतलेला नव्हता, शरीरालाच पोशाखाप्रमाणे हलावं लागायचं. आज तो बघताना विज्ञानकथेतला वाटतो. आता एलईडीचे कपडे आहेत, थ्रीडी प्रिंटिंग आहे. शंभर वर्षांनी टूटू कदाचित उजेडाचाच असेल, बटण दाबलं की पसरणारा, इस्त्री नको, व्होडका नको.

मला एवढं लांबचं नको. माझं भविष्य जवळचं आहे. 'स्किन' हा रंग नाहीसा झालेला. यादीत लिहिलेलं असेल : ज्याच्या-त्याच्या रंगाचे टाइट्स. टूटू मुलाला हवा असेल तर मुलाच्या मापाचा, जाड मुलीला हवा असेल तर जाड मुलीच्या मापाचा. हे अशक्य वाटत असेल तर 'यह बॅले' हा सिनेमा बघा. तो ज्यांच्यावर आहे ती मुंबईची मुलं, मनीष चौहान आणि अमीर शाह, टॅक्सी ड्रायव्हरचा आणि वेल्डरचा मुलगा. त्यांनी बॅले शिकायला घेतला तेव्हा त्यांच्यासाठी कोणी जागा मोकळी ठेवलेली नव्हती.

जागेवरून आठवलं. चोळी शिवताना आईने दोन्ही बाजूंच्या शिवणींत आत दीड-दीड इंच कापड राखलं. त्याला आपल्याकडे माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा बसतो. मी म्हटलं, "टूटू घट्टच हवा, बाहेरून दिसेल." ती म्हणाली, "बाहेरून घट्टच दिसणार. माया आत असते."

मोठ्या कंपन्यांमध्येही हेच करतात. एकच पोशाख वर्षानुवर्षं वेगवेगळ्या नर्तकी घालतात, म्हणून पाठीला हुकांसाठी आकड्यांच्या दोन-तीन रांगा असतात आणि आत नावाच्या पट्ट्या : आधी कोण, मग कोण. दोनशे वर्षं वजन नसल्याचं सोंग करणाऱ्या या कपड्याच्या आत शरीरं बदलतात हे शिवणाऱ्यांना कायमच माहीत होतं. ते बाहेरच्यांना कळायचं आहे.

*

कार्यक्रमाच्या दिवशी मेकअप रूममध्ये बहिणीने दोन्ही टाइट्स पुढे धरले. बाईंशी बोलायची तयारी आम्ही तिघींनी केली होती. माझी तर सहावीपासूनची.

चिऊने गुलाबी उचलले.

"सगळ्यांचे तेच आहेत ना," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलणार होते. आईने माझ्या कोपराला हात लावला. "तिचे पाय आहेत."

ती छान नाचली. तिसऱ्या रांगेत होती, तेही फक्त उंचीमुळे. टूटू एकदाही लोंबला नाही. दिवे पांढरे होते, थंड, हात लावला तरी न भाजणारे. तरी आई पूर्ण वेळ विंगेकडे बघत होती.

बाहेर पडताना एका मुलीची आई आमच्या मागे आली. चिऊच्या पिशवीतले चहाच्या रंगाचे टाइट्स तिने पाहिले होते. कुठे मिळाले, असं विचारत होती. तिच्या मुलीचा रंग चिऊपेक्षा गडद होता.

आईने पर्समधून मापाची वही काढली. नाव लिहिलं, उंची लिहिली. मग त्या मुलीचा हात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "हिला जरा जास्त उकळावा लागेल. शंभर रुपये होतील. चहा पावडर महाग झालीये."